देवाशी मैत्री कशी वाढवावी: पुण्यातल्या नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा म्हणजे काय, त्रैक्य म्हणजे काय, असे मोठाले प्रश्न नवी माणसं बेधडक विचारतात. "देवाशी बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?" हे विचारायला मात्र लाजतात. मी आमच्या मंडळीत नव्यांचा वर्ग घेते, आणि हा प्रश्न बहुतेक वेळा वर्ग संपल्यावर, दारात, हळू आवाजात येतो. कुणी नोकरीसाठी लातूर-नांदेडहून पुण्यात आलेलं असतं आणि मैत्रिणीबरोबर चर्चला येऊ लागलेलं असतं. कुणी जन्मापासून ख्रिस्ती असतं, शब्बाथशाळेत वाढलेलं, पण रविवार आणि नाताळ यांपलीकडे देवाशी ओळख झालेली नसते. हे लिखाण दोघांसाठी आहे. यातलं काही मी शिकवता शिकवता शिकले, बरंचसं मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडून मिळालं.

आधी एक गोष्ट पक्की करा

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, १५वा अध्याय काढा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला होता, त्या रात्रीचं हे बोलणं आहे. "मी तुम्हांला मित्र म्हटले आहे," असं तो त्यांना सांगतो. कारणही देतो: धनी काय करतो ते दासाला कळत नाही, पण पित्याकडून जे ऐकलं ते सगळं मी तुम्हाला कळवलं. आणि पुढच्याच वचनात म्हणतो की तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं.

आता हे ऐकणारे कोण होते ते बघा. पेत्र त्याच रात्री, कोंबडा आरवायच्या आत, तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणणार होता. बाकीचे बागेतून पळ काढणार होते. येशूला ते ठाऊक होतं. पेत्राला त्याने जेवतानाच तसं सांगितलंही होतं. तरी त्याने त्यांना मित्रच म्हटलं.

म्हणून नव्या माणसाला मी सर्वांत आधी हेच सांगते, की ही मैत्री सुरू करणारे आपण नाही. देवाला राजी करून ती मिळवायची नाहीये, ती देऊन झालेली आहे. आपल्याला तिला प्रतिसाद द्यायचाय. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. ती विसरली की प्रार्थनेचा हजेरीपट होतो: आज केली म्हणून बरं वाटलं, काल चुकली म्हणून तोंड लपवलं. हजेरीपट सांभाळणारी माणसं चार-सहा महिन्यांत थकतात. मी पुष्कळ जण थकलेले पाहिलेत.

ही बरोबरीची मैत्री मात्र नव्हे. त्याच अध्यायात १४वं वचन आहे: मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात परमेश्वर मोशेशी मित्राशी बोलावं तसं समोरासमोर बोलत असे असं लिहिलंय. त्याच मोशेला जळत्या झुडपापुढे पायातलं काढून ठेवायला सांगितलं होतं. जवळीकही आहे आणि धाकही. मराठी माणसाला हे समजायला अवघड जात नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला सखा म्हटलं, त्याच्याशी भांडण मांडलं आणि त्याच्या पायांवर डोकंही ठेवलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगत. त्यांची गीतं आजही आपल्या मराठी उपासनांमध्ये गायली जातात.

पहिली पायरी: दहा मिनिटं आणि एक जागा

"आपल्या खोलीत जा आणि दार लाव," असं येशूने प्रार्थनेबद्दल सांगितलंय. पुण्यात तिघींत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला दार कुठून मिळणार? तेव्हा जागा शोधावी लागते. सोसायटीची गच्ची चालते. जिना चालतो. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी फिरायला जात असाल तर तिथला एखादा दगड चालतो. कॅथलिक चर्चमध्ये बहुधा रोज सकाळी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, असते, तिच्या आधी किंवा नंतर मागच्या बाकावर कुणी बसलं तर कोणी हटकत नाही. मला माहीत असलेला एक मुलगा हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून रोज प्रार्थना करतो. शेजाऱ्यांना वाटतं झोपलाय.

जागा ठरली की वेळ ठरवा. रोज तीच वेळ असली तर बरं, कारण मन त्या वेळेला आपोआप वळायला लागतं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात. उत्साहाच्या भरात तासाभराचा नेम करू नका, तो मोडतो आणि मग दहा मिनिटंही राहत नाहीत. पहाटेच बसलं पाहिजे असं कुणी सांगेल. येशू पहाटे अंधार असताना उठून एकांतात जाऊन प्रार्थना करायचा हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि पहाट खरोखर चांगली असते. पण रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्याची पहाट दुपारी दोनला होते. त्याने दोनला बसावं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर बंद करून पिशवीत टाका.

दुसरी पायरी: घरी बोलता तसं बोला

आमच्या मंडळीत एक आजी आहेत, मूळच्या नगरकडच्या. पुण्यातली कितीतरी ख्रिस्ती घरं मूळची तिकडचीच. घरसभेत पाळकसाहेबांची प्रार्थना झाली की यांची पाळी येते, आणि त्या सुरू करतात: "बापा, आज गुडघं लई दुखत्यात. तरी तू इथवर आणलंस. नातवाला काल बोलले मी, नगं बोलायला हवं होतं. त्याला तू जरा जवळ घे. आन् पान्याचं बग, तीन दिस झाले नळाला पानी न्हाई." इतकंच. आमेन. नव्या मुलांना आधी थोडं विचित्र वाटतं, कारण त्यांना वाटत असतं की प्रार्थनेला भारदस्त शब्द लागतात, "हे परमपवित्र, सर्वसमर्थ" असंच सुरू करावं लागतं. तसं केलं तर चूक काहीच नाही, मंडळीच्या उपासनेत ते शोभूनही दिसतं. पण एकांतात तुमचं खरं मन त्या शब्दांच्या मागे दडून राहत असेल, तर ते शब्द बाजूला ठेवा. तुम्ही वैदर्भीत विचार करत असाल तर वैदर्भीत बोला, मालवणीत करत असाल तर मालवणीत.

देवाला अहो-जाहो करायचं का, असंही विचारतात. मराठी ख्रिस्ती माणूस देवाला "तू"च म्हणतो, आईला म्हणतो तसं.

काय बोलायचं? दिवसभरात जे झालं त्यापासून सुरू करा. साहेब काय बोलले, घरभाडं वाढलं, आईचा फोन आला आणि ती रडत होती. देवाला हे माहीतच आहे, मग सांगायचं कशाला, असं वाटेल. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारत होता. तो आंधळा आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं, तरी येशूने त्याला जवळ बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? त्याला ते बार्तीमयाच्या तोंडून ऐकायचं होतं. आपली गरज आपण स्वतःच्या तोंडाने सांगतो तेव्हा पुष्कळदा आपल्यालाच ती पहिल्यांदा नीट कळते.

आणि राग आला असेल तर रागावून बोला. हे सांगताना काही जण दचकतात. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी गाऱ्हाण्याची आहेत. १३वं स्तोत्र वाचा. देवा, किती काळ मला विसरणार, असं थेट विचारलंय. लाजर गेल्यावर मार्थेने येशूला गावाबाहेर गाठलं आणि आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असं तोंडावर सांगितलं. येशू तिच्यावर रागावला नाही. तिची बहीण मरीया आली, तिनेही तेच म्हटलं, आणि थोड्याच वेळात योहान लिहितो: "येशू रडला." ज्याच्यापुढे आपण फक्त गोड बोलतो तो आपल्या घरी पाहुणाच राहतो.

शब्दच सुचत नसतील अशा दिवशी येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा, पण सावकाश. "हे आमच्या स्वर्गातील पित्या," एवढं म्हणून थांबा. आज त्याला पिता म्हणताना आत काय होतंय ते बघा. ज्यांच्या घरात बापाचा मार खाल्लेला असतो त्यांना या पहिल्याच ओळीवर अडायला होतं; त्यांनी तेही त्याला सांगावं. सगळी प्रार्थना एका बैठकीत संपली पाहिजे असं काही नाही.

तिसरी पायरी: ऐकायला शिका

एकटंच बोलत राहिलं तर मैत्री होत नाही. देवाचं ऐकायचं तर शुभवर्तमानापासून सुरुवात करावी, आणि माझ्या मते मार्काच्या. ते सर्वांत छोटं आहे, १६ अध्यायांचं, आणि त्यात येशू सतत चालताना, जेवताना, थकताना, कुणाला तरी हात लावताना दिसतो. नवी माणसं बायबल उत्पत्तीपासून वाचायला घेतात आणि तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयापाशी, येऊन सोडून देतात. तसं करू नका.

कुठलं भाषांतर घ्यावं? बायबल सोसायटीचं "पवित्र शास्त्र" मंडळीत वाचलं जातं, ते घरात असावंच. त्याची मराठी जड गेली तर सोप्या मराठीतली भाषांतरंही आहेत, मोबाइलवर मोफत मिळतात. यात कमीपणा काही नाही. पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृत विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं ते मुद्दाम साध्या मराठीत, साध्या बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून. पुणे जिल्ह्यातल्याच केडगावला, मुक्ती मिशनमध्ये हे काम झालं आणि तिथल्याच छापखान्यात स्त्रियांनी ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे मैत्रिणीचं बायबल बघून गोंधळायला होणार नाही.

वाचायचं कसं, ते एका उताऱ्यावर दाखवते. मार्क ५, वचन २१ ते ४३. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो. त्याची १२ वर्षांची मुलगी मरायला टेकलीय. येशू त्याच्याबरोबर निघतो, भोवती गर्दी. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आधीच्या रविवारी असते तशी गर्दी समजा. त्या गर्दीत एक बाई आहे, १२ वर्षं रक्तस्राव होतोय. वैद्यांना पैसे देऊन देऊन सगळं संपलंय आणि दुखणं वाढलंच आहे. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध, ती ज्याला शिवेल तोही अशुद्ध. विटाळ म्हणजे काय आणि "शिवू नकोस" हे ऐकणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. ती मागून येते आणि त्याच्या वस्त्राला शिवते. बरी होते. आता गुपचूप निघून जायचं.

पण येशू थांबतो. मला कोण शिवलं, असं विचारतो. शिष्य म्हणतात, एवढी गर्दी अंगावर येतेय आणि काय विचारता? तो मात्र वळून बघत राहतो. याईराची काय अवस्था झाली असेल! त्याचं एकेक मिनिट चाललंय. ती बाई भीत, थरथरत पुढे येते आणि त्याला सगळं खरं खरं सांगते. सगळं, म्हणजे १२ वर्षांचं. तो ऐकून घेतो आणि तिला "मुली" म्हणतो.

हे एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा वाचताना स्वतःला विचारा की या गर्दीत मी कुठे आहे. कधी मी ती बाई असते. कधी याईर असते, आणि दुसऱ्या कुणाचं काम आधी होतंय म्हणून आतून जळत असते. तुम्ही जे असाल ते होऊन येशूशी बोला. येशूसंघ या कॅथलिक संन्यासी संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात प्रार्थनेची जी साधना लिहून ठेवली, तिच्यात नेमकं हेच सांगितलंय: शास्त्रातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावा, आणि शेवटी मित्राने मित्राशी बोलावं तसं प्रभूशी बोलावं. त्यांच्या परंपरेतले येशूसंघीय फादर पुण्यात बरेच आहेत. नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीत किंवा शनिवार पेठेतल्या स्नेहसदनात विचारलंत तर या साधनेबद्दल नीट सांगणारं कुणीतरी भेटेल.

बोलून झालं की दोन मिनिटं गप्प बसा. काही ऐकू येईल अशी वाट बघत नव्हे, नुसतं त्याच्यासमोर.

देव बोलतो म्हणजे काय होतं? कानाने आवाज ऐकलेला माणूस मला क्वचितच भेटलाय. बहुतेकदा एखादं वचन दिवसभर मनात रेंगाळतं. एखाद्या माणसाचं नाव सारखं आठवतं आणि त्याला फोन करावासा वाटतो. कधी आपण घेतलेला निर्णय आतून टोचत राहतो. मनात आलेली प्रत्येक गोष्ट देवाचीच असते असं मात्र धरू नका. शुभवर्तमानातल्या येशूला ते शोभतं का, हे आधी बघा. त्याने माझं प्रेम वाढतंय की गर्व, हे बघा. मोठी गोष्ट असेल, नोकरी सोडायची, लग्न ठरवायचं, तर एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याला विचारा आणि थांबा. खरं असेल तर ते थांबल्याने नाहीसं होत नाही.

चौथी पायरी: झोपण्यापूर्वी पाच मिनिटं

अंथरुणावर पडल्या पडल्या जमतं हे. आजचा दिवस त्याच्याबरोबर मागे फिरून बघायचा. कुठे आनंद झाला, त्याबद्दल आभार. कुठे मी वाईट वागले, त्याची कबुली, नाव घेऊन: "देवा, माझ्या चुका माफ कर" असं मोघम नको, तर "सिग्नलला त्या रिक्षावाल्या दादांना मी जे बोलले ते माफ कर." योहानाच्या पहिल्या पत्रात वचन दिलंय की आपण पापं कबूल केली तर तो क्षमा करतो. मग त्या गोष्टीवर रात्रभर कुढत बसायचं नाही. कॅथलिक असाल तर फादरांकडे जाऊन पापकबुलीचा संस्कारही आहे, आणि मनावर जुनं ओझं असणाऱ्याला त्याने फार हलकं वाटतं.

उद्या ज्याची भीती वाटतेय ते सांगून झोपा.

पाचवी पायरी: कळलं तेवढं करा

इथे बरेच जण अडतात, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. प्रार्थनेत गोड वाटतंय पण कामवाल्या मावशींचा पगार दर महिन्याला उशिरा देतोय, तर मैत्री पुढे जात नाही. मत्तयाच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे देव म्हणतोय, मी थांबतो, तू आधी त्याच्याकडे जाऊन ये.

एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि ती छोटी असू द्या. या आठवड्यात ऑफिसात खोटं बिल लावणार नाही. या आठवड्यात सासूबाईंना स्वतःहून फोन करीन. जमलं तर त्याला सांगा, नाही जमलं तरी सांगा. आज्ञा पाळल्याने तो आपला मित्र होतो असं नाही, तो आधीच झालाय; पण पाळत गेलो की तो कसा आहे हे कळत जातं. क्षमा करणं म्हणजे काय ते वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा एकदा करून जास्त कळतं, आणि ते करताना त्याला आपली क्षमा करायला काय पडलं असेल याचा थोडासा अंदाज येतो.

सहावी पायरी: मंडळीत जा

एकट्याने ही मैत्री टिकत नाही. ज्यांना ती टिकवता येईल असं वाटतं त्यांनाही मी आग्रहाने सांगते: येशूने "मित्र" म्हटलं ते एकाला नाही, टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना.

मराठी उपासना हवी असेल तर पुण्यात सोय आहे. गुरुवार पेठेत पंचहौदला पवित्र नाम देवालय आहे, १८८५ सालचं, वेगळ्या उभ्या घंटामनोऱ्याचं. कसबा पेठेत ब्रदर देशपांडे चर्च आहे. उपनगरांतही मराठी मंडळ्या आहेत, जवळच्या कुठल्याही चर्चमध्ये चौकशी केली की कळतं. पहिल्यांदा जाल तेव्हा दहा मिनिटं आधी जा, मागे बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. उपासना संगीताची, म्हणजे गीतांच्या पुस्तकाची, प्रत शेजारचं कुणीतरी पुढे करेल. कुणी "जय ख्रिस्त" म्हटलं तर तुम्हीही "जय ख्रिस्त" म्हणा. उपासनेनंतर चहा असेल तर थांबा. पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्यावरून भांडण, झालं होतं, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत ते पोचलं होतं. आज त्या शहरात आपण सगळे एकत्र चहा पितो याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

प्रभुभोजनाचे नियम मंडळीप्रमाणे वेगळे असतात. बाप्तिस्मा झालेला नसेल तर बहुतेक ठिकाणी भाकर आणि द्राक्षारस घेत नाहीत, कॅथलिक मिस्सेतही तसंच. पाळकांना किंवा फादरांना आधी विचारा. न घेता बसून राहिलात तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. त्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना करा.

मंडळीत एक वडीलधारं माणूस शोधा. फार हुशार नसलं तरी चालेल, प्रार्थना करणारं हवं. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी, आणि या मी कळकळीने सांगतेय. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय, तू अमक्याशी लग्न कर," किंवा "एवढे पैसे दे म्हणजे तुझं काम होईल," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. अर्पण खुशीने द्यायचं असतं, आणि देव तुमच्याशी बोलायला कुणा एकाच माणसाच्या तोंडाची वाट बघत नाही. दुसरं, प्रार्थनेने बरं होईल म्हणून कुणी औषधं बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. साखरेची, रक्तदाबाची, फिटची, मानसिक आजाराची, कुठलीच औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी.

देव गप्प वाटतो तेव्हा

असं होणारच. सुरुवातीचे काही महिने भरून येतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग एक दिवस काहीच वाटेनासं होतं. वाचलेलं डोक्यात शिरत नाही. बोललेलं छतापर्यंत जातंय असं वाटतं. नवी माणसं या टप्प्यावर ठरवून टाकतात की आपलं काहीतरी चुकलं किंवा हे सगळं खोटंच होतं.

कबूल न केलेलं काही मनात आहे का, ते एकदा बघा. असेल तर सांगून मोकळे व्हा. नसेल तर उकरत बसू नका. झोप पुरी होतेय का, जेवण वेळेवर आहे का, हेही बघा. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि खायला दिलं. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी घरच्या कुणाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वासाला काहीही उणेपणा येत नाही.

यांपैकी काहीच नसेल तर दहा मिनिटं तशीच चालू ठेवा, वाढवू नका, सोडू नका. ८८वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि पहिल्या ओळीपासून ते देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. "मला काही वाटत नाहीये, पण मी आलेय," एवढी प्रार्थना पुरते. मी माणसांना या काळातून बाहेर पडताना पाहिलंय, आणि पुढे त्यांची प्रार्थना कमी बोलकी पण जास्त खरी झालेली पाहिलीय.

घरचे ख्रिस्ती नसतील तर

वाद घालू नका. आईवडिलांचा मान राखणं ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे, आणि ती त्यांच्या धर्मावर अवलंबून नाही. घरात गणपती असतील तर कामाला हात लावा, पाहुण्यांना वाढा. पूजेत भाग घ्यायचा की नाही हे तुमच्या विवेकाने ठरवा आणि जे ठरवाल ते प्रेमाने, एकांतात, आधी सांगा. ऐन आरतीच्या वेळी सगळ्यांदेखत सांगू नका. शास्त्र वाचताना कुणी विचारलं तर लपवू नका आणि लादूही नका. तुमच्यात झालेला फरक त्यांना वागण्यातून दिसला तर दिसेल.

त्यांना वेळ द्या. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई उद्ध्वस्त झाल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. मधल्या काळात त्यांना किती सोसावं लागलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. प्रत्येक घरात असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण जवळच्या माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्यावा, हे त्या दोघांकडे बघून कळतं.

तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचीही घाई नको. वर्षभर मंडळीत येत राहा, मार्क संपला की लूक आणि योहान वाचा, शंका असतील त्या वहीत लिहा आणि पाळकांना किंवा फादरांना वेळ मागून भेटा. जाताना वही घेऊन जा. "माझा विश्वास आहे, पण अविश्वासही आहे," असं एका बापाने येशूला सांगितलं होतं, मार्काच्या ९व्या अध्यायात. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं. तुम्हीही तसंच सांगितलंत तर चालतं, आणि बहुतेक पाळक तिथूनच बोलायला सुरुवात करतात.